भजनाच्या वहीची मागची पानं

दुपारी एक ते चार बडोद्यात कुणी कुणाच्या दाराची बेल वाजवत नाही. तसा कायदा नाही, पण कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. लहरीपुऱ्यातली दुकानं शटर अर्ध्यावर ओढून घेतात, निजामपुऱ्यातले भाजीवाले गाडीच्या सावलीत आडवे होतात, आणि शरदकुंज सोसायटीचा वॉचमन खुर्चीत बसल्या बसल्या असा झोपतो की चोरालाही त्याला उठवायचा संकोच वाटावा. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावर पद्माताई सबनीस स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन्ही तळहात टेकून उभ्या राहायच्या आणि भिंत ढकलायच्या. भिंत हलत नसे. ती हलावी अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

फेब्रुवारीत त्यांच्या थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरात पेढे वाटले गेले, आणि मग लक्षात आलं की पद्माताईंचा आवाज काही परत आलेला नाही. डावा स्वरतंतू हलेनासा झाला होता. शंभरात एखाद्याचं होतं असं, यात कुणाची चूक नसते, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच असणार. पण शंभरातली ती एक आपणच का, हे विचारायलासुद्धा आवाज लागतो. आता तोंड उघडलं की आधी नुसता वारा यायचा आणि त्याच्यामागून पत्र्यावर विळी घासल्यासारखं काहीतरी.

बाईंचा आवाज काय होता ते शरदकुंजला विचारावं. सत्तावीस वर्षं सोसायटीच्या गणपतीची आरती त्यांनीच उचलली होती. खाली पार्किंगमध्ये त्यांनी सूर लावला की गच्चीवर गेलेली बाई तिथूनच टाळ्या वाजवायला लागायची. पद्माताईंचे यजमान मुकुंदराव तीस वर्षं वाघोडियाच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी उभे राहून कानांनी अधू झालेले. कानाचं मशीन त्यांना घेऊन दिलं होतं, पण ते शीळ घालतं म्हणून त्यांनी कपाटात ठेवून दिलं. घरात त्यावाचून अडलंही नाही. "अहो, जेवायला या," अशी स्वयंपाकघरातून हाक आली की मुकुंदराव तर पाटावर यायचेच, खालच्या मजल्यावरचे नंदूभाईही घड्याळ बघायचे. मग मुकुंदराव म्हणायचे, "अगं हळू. खाली ऐकू जातंय." पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी रोज एकदा तरी म्हटलं असेल. फेब्रुवारीपासून एकदाही नाही.

आता सगळं कुजबुजीवर आलं होतं. दुकानात बोटानं दाखवायचं. बंगळुरूच्या मुलीशी, मोहनाशी, टाईप करून बोलायचं. भजन मंडळाला आधी पाहुणे आलेत म्हणून कळवलं, मग कंबर धरली म्हणून, मग कारणं संपली आणि मंडळानंही विचारायचं थांबवलं. पद्माताईंना लाज वाटायची. साधी, सरळ लाज. लोक दया दाखवतील याची आणि त्याहून जास्त, स्वतःच्याच कानांची. हे कान सुरात वाढलेले होते.

भिंत ढकलायला सांगितलं होतं कोमलबेननी. या स्पीच थेरपिस्ट. वय तिशीचं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि धाक मात्र पूर्ण.

"मासी, भिंतीला जोर लावायचा आणि त्याच वेळी मोठ्यानं आकडे म्हणायचे. एक! दोन! तीन! चार! जोर लागला की चांगला तंतू सरकून आजारी तंतूला भेटायला जातो. त्याला तशी टेव पाडायची, सवय."

"म्हणते की रोज," पद्माताई कुजबुजल्या.

"मनातल्या मनात नाय चालणार. बूम पाडायची, बूम! तुम्ही स्वतःला ऐकता ने, म्हणून बीक लागते तुम्हाला, भीती. कानात काहीतरी घाला. फास्ट आणि मोठं. फक्त भजन नको हां. भजन लावलं की तुम्ही पाछा, परत सूर शोधायला जाणार."

एप्रिलातल्या एका दुपारी, मुकुंदराव आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेले असताना, पद्माताई झोपाळ्यावर बसल्या आणि त्यांनी फोनमध्ये इंग्रजीत टाईप केलं: मोठ्यानं, फास्ट, वन टू थ्री फोर. आधी एक निळा हत्ती आला, तो मुलांना अंक शिकवत होता. मग कवायत करणारा एक माणूस आला. आणि तिसऱ्या खेपेला एक तळघर आलं. कमी उजेडाचं, माणसांनी गच्च भरलेलं. पुढे एक चष्मेवाली बाई उभी होती, पांढऱ्या केसांची, पद्माताईंच्याच वयाची, पायात साधे कापडी बूट. तिनं माईक तोंडाशी नेला आणि ओरडली, "वन, टू, थ्री, फोर!"

पुढे जे सुरू झालं त्याला पद्माताईंकडे नाव नव्हतं. त्यांनी आधी कानातल्या वायरी उपटून काढल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. शरदकुंज झोपलेलंच होतं. पंखा फिरत होता. त्यांनी वायरी पुन्हा कानात घातल्या. गिटारवाला तारा वाजवत नव्हता, झोडपत होता. ड्रमवरची मुलगी कुठल्यातरी गाडीला उशीर झाल्यासारखी धावत होती. तव्यावर टाकलेली पोळी फुगायच्या आत गाणं संपलंसुद्धा.

आणि त्या बाईला आवाज नव्हता! पद्माताईंनी पुन्हा लावून खात्री करून घेतली. घसा पार बसलेला, फाटलेला, वारा जास्त आणि सूर कमी. पत्रा आणि विळीच. पण ती अशी गात होती की जणू हा घसा आपल्याकडे आहे हे मुद्दाम दाखवायला आली आहे, आणि समोरची माणसं तिच्यासाठी उड्या मारत होती. पद्माताईंना रडू आलं. का ते त्यांना लगेच कळलं, त्यामुळे जरा जास्तच आलं.

खाली बँडचं नाव होतं, द ब्रोकन कॅसरोल्स. स्वयंपाकघरातला पोळ्यांचा कॅसरोल, झाकण नीट न बसणारा, त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि त्या हसल्या. हसणंही खरखरीतच निघालं असणार. पण कानात गाणं चालू होतं, म्हणून त्यांना ते ऐकू आलं नाही. मग त्या उठल्या, भिंतीला हात टेकले, आणि चष्मेवालीबरोबर ओरडल्या, एक, दोन, तीन, चार!

या संगीताला पंक रॉक म्हणतात हे दुसऱ्या दिवशी कळलं. एक गाणं संपलं की फोन आपणहून दुसरा बँड पुढे करायचा, जसं मंगळसूत्र बघायला गेलं की सोनार बांगड्या पुढे करतो. पद्माताईंनी ठरवलं, रोज एक नवा बँड. भजनाची त्यांची एक जाड वही होती. तिच्या पुढच्या पानांवर अभंग, मागची पानं कोरी. वही उलटी करून त्यांनी मागून लिहायला सुरुवात केली. नाव, गाव आणि शेरा. संगीताच्या परीक्षेत त्यांचे गुरुजी द्यायचे तसले शेरे.

"द ब्रोकन कॅसरोल्स. उत्तर इंग्लंड, बंदराचं गाव. चाल साधी. दम उत्तम."

"नो लिफ्ट थर्ड फ्लोर. शिलाँग. तिघे भाऊ. घाई फार, पण एकत्र धावतात. आपल्यासारखाच तिसरा मजला."

"मिडोरी अलार्म. योकोहामा. मुली लहान दिसतात, राग मोठा. शेवटी ड्रमवालीची काठी तुटली, तरी सम चुकली नाही."

"नाव वाचता येत नाही. फिनलंड. वडील आणि मुलगी. बाहेर बर्फ. वडील बेसूर. मुलगी सांभाळून घेते."

मे महिना आला. दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं आणि घरातल्या भिंतीही अंगाला गरम लागायच्या. वीस मिनिटं भिंत ढकलून झाली की पद्माताई घामाघूम होऊन झोपाळ्यावर आडव्या व्हायच्या. कानात बँड चालूच. इतक्या आवाजात झोप कशी लागते असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की ज्या बाईचा नवरा तीस वर्षं कॉम्प्रेसरचं घोरणं शिकून आला आहे तिला कशातही लागते. ती झोप पुरती झोप नसायची. झोपाळा आपल्याच लयीत थोडा हलत राहायचा आणि गाण्यांतली गावं हळूहळू बडोद्यात येऊन मिसळायची.

फिनलंडचा बर्फ निजामपुऱ्याच्या बसस्टँडवर पडायला लागायचा. तोही पांढराशुभ्र आणि जरा कोमट. शिलाँगचे तिघे भाऊ जिन्यानं वर यायचे, खांद्यावर स्पीकर, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून पाणी मागायचे. लीलाबाईंच्या दारात योकोहामाच्या मुलींच्या चपला ओळीनं काढून ठेवलेल्या दिसायच्या. कुणाला काही नवल वाटायचं नाही. पद्माताईंनाही वाटायचं नाही. त्या फक्त सगळ्यांना विचारत फिरायच्या, माझा आवाज पाहिलात का? कारण त्या झोपेत त्यांचा जुना आवाज बाहेर पडलेला असायचा. काही वस्तू आणायला गेला असेल आणि उशीर झाला असेल, एवढंच.

एकदा तो दिसला. लहरीपुऱ्याच्या दरवाज्याखाली, दुपारच्या सुनसान बाजारात, मोरपंखी साडी नेसलेली एक बाई काचेच्या बांगड्या हातात चढवून बघत होती. पद्माताईंनी पाठमोरीच ओळखली. त्या हाक मारायला गेल्या, पण हाक मारायला जो लागतो तोच तर तिथे बांगड्या बघत होता. तेवढ्यात बाजूच्या ओट्यावरून कॅसरोल्सची चष्मेवाली म्हणाली, "केम बेन, गातां नथी?"

"आवाज गेलाय हो. तो काय तिथे उभा आहे."

चष्मेवालीनं तिकडे बघितलंही नाही. ती बुटाची नाडी बांधत होती. "मारो तो क्यारनोय गयो," ती म्हणाली, "केव्हाचाच गेला. तो शुं? म्हणून काय झालं?"

पद्माताई जाग्या झाल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि मुकुंदराव स्वतःच चहा करत होते. इंग्लंडच्या बाईला गुजराती कसं येतं, हा प्रश्न त्यांना रात्रीच्या भाकरीपर्यंत पडला नाही.

वहीचं बिंग फुटलं ते लीलाबाईंमुळे. लीलाबाई दुसऱ्या मजल्यावरच्या, भजनात पद्माताईंच्या शेजारी बसणाऱ्या. पाच वाजता त्या रिकामी वाटी परत करायला आल्या आणि झोपाळ्यावरची वही त्यांनी सवयीनं उघडली, उलट्या बाजूनं.

"द ब्रोकन कॅसरोल्स," त्यांनी वाचलं. "दम उत्तम. मिडोरी अलार्म, योकोहामा, सम चुकली नाही. अगं, हे कुठलं भजन मंडळ?"

पद्माताईंनी एक वायर स्वतःच्या कानात ठेवली आणि दुसरी लीलाबाईंच्या कानात दिली. लीलाबाईंचे डोळे मोठे झाले. हातातली वाटी त्यांनी पोटाशी धरली.

"अगं बाई! ही तर कुणाशी तरी भांडतेय!"

"हो," पद्माताई कुजबुजल्या. "आणि जिंकतेय."

लीलाबाईंनी आणखी दोन गाणी ऐकली आणि वाटी तशीच घेऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र जिन्यात भेटल्या की त्या इकडेतिकडे बघून हळूच विचारायच्या, "आज नवीन कोण?"

जुलैत कोमलबेननी नळीचा कॅमेरा घालून घेतलेले घशाचे फोटो समोर ठेवले. त्या खूश होत्या. चांगला तंतू शिकला होता, सरकून दुसऱ्याला भेटत होता. आवाजात जोर आला होता. "तुम्ही भिंतीला काय केलंत मासी? कमाल छे!"

"गाता येईल?" पद्माताईंनी विचारलं. आता ते कुजबुजणं राहिलं नव्हतं. खरखर होती, पण ऐकू जाणारी.

कोमलबेननी फोटो पाकिटात घातले. पाकीट बंद करायला त्यांना फार वेळ लागला. "मासी, खोटं नाही सांगणार. हाच आवाज आहे आता. आणखी जाडा होईल, मोठा होईल. पण पहिलाचा पाछा नाही येणार."

पद्माताई रिक्षात बसून घरापर्यंत रडल्या. रिक्षावाल्यानं न विचारता गाणी बंद केली. घरी आल्यावर त्या मुकुंदरावांना सगळं सांगायला गेल्या, पण बोलू लागल्या की रडण्यात आवाज पुन्हा वाऱ्यावर जायचा. मुकुंदराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरं, बरं. होईल सगळं नीट." पद्माताईंना वाटलं, एवढंच? त्या दिवसापासून त्या भिंतीपाशी आणि फोनपाशी जितक्या मोकळ्या होत, तितक्या नवऱ्याशी होईनाशा झाल्या. दार लावून, कानात बँड घालून ओरडायचं, आणि दार उघडलं की गप्प.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी प्रतापसिंहराव वर आले. शरदकुंजच्या उत्सव समितीचे हे अध्यक्ष. यांचे पणजोबा सरकारवाड्यात कुठल्याशा हुद्द्यावर होते, आणि ते अजून निवृत्त झालेले नाहीत असं प्रतापसिंहरावांच्या बोलण्यावरून वाटायचं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"वहिनीसाहेब, यंदा आपण विश्रांती घ्यावी. आरतीचं उत्तम रेकॉर्डिंग मिळवलं आहे. पेटी, तबला, सगळं शास्त्रशुद्ध. आपल्याला त्रास नको."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तेच पद्माताईंना जास्त लागलं. त्या मान हलवून हसल्या. प्रतापसिंहराव गेल्यावर त्या मुकुंदरावांसमोर उभ्या राहिल्या. आवाज बारीक निघाला. "मला गायचंय," त्या म्हणाल्या.

"हो ना," मुकुंदराव म्हणाले. "बरं झालं."

पद्माताई आत निघून गेल्या. यांनाही वाटतं, आपला आवाज कुणाला ऐकवण्याच्या लायकीचा उरला नाही, हे त्यांच्या मनात पक्कं झालं. त्या दुपारी त्यांनी नवा बँड शोधला नाही. वहीत तारीख टाकली आणि पुढे काही लिहिलं नाही.

चतुर्थीला संध्याकाळी सात वाजता पार्किंगमध्ये सगळे जमले. स्कूटर बाजूला लावलेल्या, मूर्ती मखरात, लहान मुलं पुढे, गुजराती शेजारणी बांधणीत. शरदकुंजमध्ये मराठी घरं आता चारच उरली आहेत, पण आरतीला सगळे साठ लोक येतात आणि सगळ्यांना ती तोंडपाठ आहे. पद्माताई मागे खांबाजवळ उभ्या राहिल्या. प्रतापसिंहरावांनी बटण दाबलं.

रेकॉर्डिंग खरंच सुंदर होतं. गाणाऱ्यांचे आवाज घासून पुसून ठेवलेल्या समईसारखे. पहिलं कडवं झालं, धृपद झालं, टाळ्या जुळल्या. दुसरं कडवं झालं. आणि धृपदावर सगळा घोटाळा झाला.

त्याचं असं होतं की सत्तावीस वर्षांपूर्वी, पहिल्या वर्षी, पद्माताई घाबरल्या होत्या. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांना तिसरं आठवेना. मग त्यांनी वेळ काढायला धृपद एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा जरा जलद म्हटलं, तोवर शेजारून लीलाबाईंनी पुढचा शब्द सांगितला. पण सोसायटीतल्या गुजराती घरांनी ही आरती पहिल्यांदाच ऐकली होती, आणि ती पद्माताईंच्या तोंडून. त्यांनी ती तशीच पाठ केली. पुढच्या वर्षी तिथे साठ लोक तीनदा धृपद म्हणायला लागले, तिसऱ्यांदा जलद, आणि त्यांना थांबवायची पद्माताईंना छाती झाली नाही. शरदकुंजात जन्मलेली मुलं ती तशीच शिकली आणि त्यातली काही लग्न होऊन सुरत-अहमदाबादेला जाऊन तिथेही तशीच म्हणतात.

रेकॉर्डिंगनं धृपद एकदा म्हटलं आणि ते शास्त्रशुद्ध पुढे गेलं. लोक दुसऱ्यांदा म्हणत होते. काही थांबले, काहींनी नेटानं तिसऱ्यांदा म्हटलं, टाळ्या मोहरीसारख्या वाटेल तिकडे तडतडायला लागल्या. प्रतापसिंहरावांनी बटण बंद केलं. "पुन्हा पहिल्यापासून! शिस्तीत!" पुन्हा पहिल्यापासून झालं, आणि पुन्हा त्याच जागी गाडी घसरली.

नंदूभाई पुढे येऊन स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाले, "आ रेकॉर्ड ज खोटी छे! यांना आरती येत नाही."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. आणि एकेक करून सगळ्या माना मागे, खांबाकडे वळल्या.

 आपली चूक इतकी वर्षं इतक्या माणसांनी सांभाळून ठेवली, या विचारानं पद्माताईंचे डोळे भरून आले. आता तो जुना आवाज लहरीपुऱ्यातून परत येईल तर किती बरं, असं त्यांना अगदी आतून वाटलं. त्यांनी क्षणभर वाटही पाहिली. तो काही आला नाही. कानात वायरी नव्हत्या, लपायला ड्रम नव्हते. लीलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि ओठांनी काहीतरी विचारत होत्या. आज नवीन कोण?

पद्माताई खांबाकडे वळल्या. दोन्ही तळहात त्यांनी खांबावर टेकले, जोर लावला, आणि ओरडल्या, "एक! दोन! तीन! चार!"

पत्रा आणि विळी. पार्किंगच्या छतावर आपटून तो आवाज खाली आला. पुढच्या रांगेतलं एक मूल दचकून आईला बिलगलं. पण एक दोन तीन चार ऐकल्यावर काय म्हणायचं हे विसर्जनाच्या मिरवणुकीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. साठ गळे एकदम उठले, "गणपतीचा जयजयकार!"

आणि तो जयजयकार खाली पडायच्या आत पद्माताईंनी आरती उचलली. कॅसरोल्सच्या वेगानं. सूर जिथे लागत नव्हता तिथे त्या थांबल्या नाहीत, नुसत्या आणखी जोरात गेल्या. पहिलं कडवं, धृपद, दुसरं कडवं. धृपद एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर असं की नंदूभाईंची टोपी उडाली आणि त्यांनी ती तशीच उडू दिली. मुलं उड्या मारायला लागली. लीलाबाईंनी झांजा शेजारणीच्या हातून ओढून घेतल्या आणि योकोहामाच्या मुलीसारख्या झोडपल्या. प्रतापसिंहराव कापूर पेटवत होते. तो नीट पेटायच्या आत आरती संपली.

 मग एका मुलानं विचारलं, "आणखी एक छे?"

आवाज परत आला असं कुणी म्हटलं नाही, कारण तो आलेला नव्हता आणि हे सगळ्यांनाच कळत होतं. लीलाबाई जवळ आल्या, घाम पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "दम उत्तम."

मुकुंदराव प्रसादाची वाटी घेऊन समोर उभे होते. 

"आलं ऐकू," ते म्हणाले.

"काय?"

"तू. मला ऐकू आलीस." त्यांनी घसा साफ केला. "फेब्रुवारीपासून तुझं एक अक्षर ऐकू आलेलं नाही गं मला. ते मशीनही लावून पाहिलं, तू झोपलीस की. नुसती शीळ यायची. तुझ्या ओठांकडे बघून बरं, हो ना, असं काहीतरी म्हणत होतो. सांगितलं असतं तर तू होतं तेवढंही बोलायची नाहीस."

 ते सगळे बरं बरं पद्माताईंना एकामागून एक आठवले, रिक्षातून रडत आल्या त्या दिवशीचं, प्रतापसिंहराव येऊन गेले त्या दिवशीचं. राग आला आणि हसू आलं, आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडायला बघत होती.

"मी म्हणाले होते, मला गायचंय!" त्या ओरडल्या. "पंधरा दिवसांपूर्वी! तुमच्यासमोर उभी राहून!"

सगळी सोसायटी वळून बघायला लागली. मुकुंदरावांनी सवयीनं हात वर केला.

"अगं हळू," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जातंय."

पद्माताईंनी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ते वाक्य त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.